धुळ्याच्या तुरुंगातील अठरा रविवार

आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी. मोक्षदा एकादशीचा उपवास आणि गीताजयंती यांचा योग एकाच तिथीस येतो, त्यामुळे आज पहाटेपासूनच असंख्य घरांतून अठरा अध्यायांचे पारायण चालू असेल. कोठे मूळ संस्कृत गीता, कोठे ज्ञानेश्वरीतील एखादा अध्याय, तर कोठे देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली, पाने मऊ पडलेली गीताईची लहानशी प्रत. वाचकहो, या विशेष पानाकडे वळण्यापूर्वी आपण पहिले पान वाचून आलेले असणार हे आम्ही जाणून आहो. युद्धाच्या वार्ता, राज्यकर्त्यांची आणि त्यांच्या विरोधकांचीही घसरलेली भाषा, काल एका पक्षात असलेला मनुष्य आज दुसऱ्यात. हे सारे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. पूर्वी वर्तमानपत्र वाचून मनुष्य अस्वस्थ होई तो सकाळच्या चहापुरता. आता हातातला मोबाईल ती अस्वस्थता दिवसभर पुरवीत राहतो.

या सर्वांचा परिणाम म्हणून एक वाक्य चांगल्या श्रद्धाळू घरांतूनही कानी पडू लागले आहे : ‘आता काही व्हावयाचे नाही.’ हे वाक्य उच्चारणारी माणसे निरीश्वरवादी नाहीत. ती एकादशी पाळतात, नित्यपाठ करतात, आणि पाठ संपवून पुन्हा हेच वाक्य म्हणतात. पारायण आणि निराशा एकाच घरात इतक्या सुखाने कशी नांदू शकतात, हा प्रश्न गीताजयंतीच्या दिवशीच विचारला पाहिजे.

गीतेचा आरंभ कसा होतो ते आठवावे. राजवाड्यात बसलेला एक अंध वृद्ध राजा रणांगणावरची बातमी विचारीत आहे. माझ्या मुलांनी आणि पांडूच्या मुलांनी काय केले, एवढाच त्याचा प्रश्न. सातशे श्लोकांच्या या ग्रंथात धृतराष्ट्राच्या वाट्यास एवढा एकच श्लोक आला आहे. पुढे संजयाच्या मुखाने त्याने सर्व काही ऐकले. अर्जुनाचा विषाद ऐकला, कर्म, भक्ती, ज्ञान ऐकले, विश्वरूपाचे वर्णन ऐकले. इतके सारे ऐकूनही त्याने दुसरा प्रश्न केला नाही. त्यास निकाल हवा होता. कोण जिंकणार, एवढेच ज्यास जाणून घ्यावयाचे असते त्याच्यापुढे प्रत्यक्ष भगवद्गीता वाचली तरी ती बातमीच राहते. आपणही बहुधा धृतराष्ट्रासारखेच ऐकतो. निकाल मनासारखा लागेल असे दिसले की आशा, न दिसले की निराशा. अशी आशा म्हणजे खरोखर एक अंदाज असतो, आणि अंदाज चुकतात.

याहून निराळ्या प्रकारची आशा कशी असते, हे दाखविणारा एक प्रसंग आपल्याच महाराष्ट्रात घडलेला आहे. १९३२ चे वर्ष. गोलमेज परिषदेहून गांधीजी रिकाम्या हाताने परतले होते. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांस अटक झाली, काँग्रेस बेकायदा ठरली आणि देशभरचे तुरुंग सत्याग्रह्यांनी भरून गेले. चळवळ मोडली असे म्हणावयास सरकारला जागा होती, आणि मनातल्या मनात तसे म्हणणारे सत्याग्रहीही असतीलच. अशा दिवसांत धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, जमनालाल बजाज होते, आणि अमळनेरच्या शाळेतील शिक्षकाची नोकरी सोडून आलेले साने गुरुजी होते.

तेथे २१ फेब्रुवारी १९३२ च्या रविवारी विनोबांनी गीतेवर बोलण्यास आरंभ केला. दर रविवारी एक अध्याय. असे अठरा रविवार, आणि १९ जूनला समाप्ती. साने गुरुजी समोर बसून ते सारे हातांनी उतरून घेत. त्या वह्यांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ झाला आणि पुढे देशातील कितीतरी भाषांत गेला. आज तो वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. सरकार कोसळणार केव्हा, आपली सुटका होणार केव्हा, याचा हिशेब त्यात नाही. आई आहे, मूल आहे, शेतकरी आहे, नदी आहे, बैल आहे. ज्या आवारात बाहेरचे काहीच दिसत नव्हते तेथे विनोबांनी शब्दांनी सारा गाव आणून उभा केला. कल्पनाशक्ती म्हणतात ती हीच. कवीच्या घरी ती दागिना म्हणून असेल, पण कैद्याच्या कोठडीत ती भाकरीच्या पंक्तीस बसते.

ऐकणारा आणि लिहिणारा नसता तर काय झाले असते, याचाही विचार करावा. विनोबा बोलत होते हे खरे, पण गुरुजींचा हात चालत नसता तर ते शब्द तुरुंगाच्या हवेत विरले असते. पुढचा रविवार येणार आहे, पुढचा अध्याय होणार आहे, त्यासाठी वही तयार ठेवावयाची आहे, एवढ्यावर माणसाचा आठवडा सरतो. परकीय सत्ता जाण्यास अद्याप पंधरा वर्षे होती, आणि त्या अंगणात बसलेल्या कोणासही हा आकडा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर किती जण हबकले असते कोण जाणे!

याच सुमारास, विनोबा तुरुंगात असतानाच, त्यांच्या ‘गीताई’ची पहिली आवृत्ती छापून निघाली. तिचे मूळ आणखी मागे, एका घरातल्या साध्या संभाषणात आहे. विनोबांच्या मातोश्रींना गीता समजून घ्यावयाची होती, पण संस्कृत येत नव्हते. मुलाने जुने मराठी भाषांतर आणून दिले, तेही अवघड गेले. तेव्हा त्या माउलीने मुलास सुचविले की, मग तूच का करीत नाहीस? १९१८ मध्ये ती निवर्तली. गीताई लिहून झाली ती १९३०-३१ च्या हिवाळ्यात. बारा वर्षे एका आईची इच्छा मुलाच्या मनात मुरत राहिली. आपल्या मुलाच्या हातून काय होऊ शकेल याची जी कल्पना तिने केली, ती तिच्या डोळ्यांदेखत साकार झाली नाही. आज ज्या घरांत गीताई म्हटली जाईल तेथे त्या निरक्षरप्राय भाबड्या आग्रहाचेच उच्चारण होत असते.

लोकमान्यांचे उदाहरण सर्वांस परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेस गेले. शाई वापरण्यास बंदी, म्हणून १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीने ‘गीतारहस्या’चा खर्डा पुरा केला. तेथेच असता १९१२ मध्ये पत्नीच्या निधनाची वार्ता त्यांस कळली. १९१४ मध्ये सुटका झाली, पण वह्या सरकारकडून लगेच हाती येईनात, तेव्हा ग्रंथ डोक्यात आहे, पुन्हा लिहून काढीन, अशी त्यांची तयारी होती असे सांगतात. १९१५ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

धुळ्याहून पुढे साने गुरुजींचा मार्ग नाशिकच्या तुरुंगात गेला. तेथे फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या चार-पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. कोकणातले एक दरिद्री घर, एक गेलेली आई, आणि रात्रीच्या प्रार्थनेनंतर गोष्टी सांगणारा श्याम. राजकारणाचा त्यात गंधही नाही असे वाटेल. परंतु पोरके झाल्यासारख्या त्या काळात एका कैद्याने साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांस एक आई दिली, यापेक्षा मोठे राजकारण कोणते असते? आणि ती कल्पना पुस्तकात मिटून राहिली नाही. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांस उघडावे म्हणून गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण आरंभिले. दार उघडले. आमच्यासारख्याच सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या कितीतरी घरांनी त्या वेळी गुरुजींना दूषणे दिली होती, हेही आज प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. बंद दार उघडे असलेले आधी कोणाच्या तरी मनात दिसावे लागते, आणि ज्यास ते दिसते त्याच्या वाट्यास बहुधा शिव्याच येतात.

येथपर्यंत सांगून थांबलो तर लेख गोड होईल, पण तो अपुरा राहील. याच साने गुरुजींनी स्वातंत्र्य मिळून तीन वर्षे होतात न होतात तोच, ११ जून १९५० रोजी, स्वतःच आपले जीवन संपविले. ज्यांनी हजारो मुलांस धीर दिला त्यांच्या मनातील काळोख निकटच्या माणसांसही पुरता उमगला नाही. म्हणून प्रतिभा हा एक ताईत आहे, तो गळ्यात बांधला की निराशा शिवत नाही, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. दुसऱ्यास दिवा दाखविणाराच कधी अंधारात चाचपडत असतो. आपल्या घरात असा कोणी अबोल झालेला असेल, जेवणावरून उठून जात असेल, तर त्यास गीतेचा श्लोक ऐकविण्याआधी त्याच्याजवळ बसावे. वैद्यकीय मदतीची गरज दिसली तर ती घेण्यात कमीपणा मानू नये. अर्जुनाच्या विषादालाही गीतेने आपला पहिला अध्याय दिला आहे, आणि भगवंतांनी त्याच्या रथातून पाय काढता घेतला नाही.

दुसरीही एक सावधगिरी हवी. कल्पनाशक्ती नेहमीच सात्त्विक असते असे नाही. शेजाऱ्याविषयीची अफवा हीसुद्धा कल्पनेचीच निर्मिती असते, आणि हल्ली ती घरबसल्या हजारो जणांस पाठविता येते. भक्तिभावाने केलेल्या स्तुतीत आणि सत्ताधीशाच्या केलेल्या आरतीत शब्द सारखेच असतात, हेही आपण अनेकदा पाहिले आहे. खुद्द विनोबांच्या आणीबाणीच्या काळातील भूमिकेने १९७५ मध्ये अनेकांचा हिरमोड झाला. आम्हांसही ती पटलेली नाही. धुळ्याचे विनोबा त्यामुळे लहान होत नाहीत, इतकेच म्हणता येईल.

मग घरातल्या माणसाने आज काय करावे? आमची सूचना अगदी साधी आहे. सायंकाळी पारायण आटोपल्यावर दहावा अध्याय, विभूतियोग, पुन्हा एकदा काढावा. तेथे अर्जुन विचारतो की, देवा, तुझे चिंतन मी कोणकोणत्या रूपांत करू? हा प्रश्न म्हणजे आपल्या कल्पनेला वळण लावण्याची विनंतीच आहे. उत्तरात हिमालय येतो, गंगा येते, पिंपळ येतो, ऋतूंत वसंत येतो आणि महिन्यांत मार्गशीर्ष, म्हणजे आपण आज ज्यात आहोत तोच महिना. कपट करणाऱ्यांचे द्यूतदेखील त्या यादीत आहे. ज्या द्यूताने पांडवांचे सर्वस्व हिरावून घेतले तेही वगळलेले नाही, हे वाचून आम्ही दर वेळी क्षणभर थबकतो. आणि पांडवांमध्ये मी धनंजय, असे भगवान सांगतात. थोड्याच वेळापूर्वी धनुष्य टाकून रथात बसलेल्या, घाम फुटलेल्या माणसास सांगतात की त्या यादीत तूही आहेस.

२४ एप्रिल १९३२ च्या रविवारी याच अध्यायावर बोलताना विनोबांनी धुळ्याच्या कैद्यांस मुलांच्या अक्षरओळखीचा दाखला दिला. मुलास आधी सोपी, मोठी अक्षरे शिकवितात, जोडाक्षरे मागाहून. तसेच आईत, निरागस बालकात देव पाहणे हे सोपे अक्षर. रावणातला देव वाचणे हे जोडाक्षर. तुरुंगात बसून, ज्यांनी आपल्यास कोंडले त्यांच्याविषयी मनात काय वागवावे, याचे हे उत्तर होते. अक्षर कठीण आहे म्हणून फळा पुसून टाकावयाचा नसतो, आणि जोडाक्षरास सोपे अक्षर समजून चुकीचा उच्चारही करावयाचा नसतो.

तेव्हा आज फराळाच्या वेळी घरातील प्रत्येकाने, अगदी धाकट्यानेही, या वर्षात स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले एक सोपे अक्षर सांगावे. वाचलेले नको, मोबाईलवर आलेले नको, पाहिलेले. कोणास रुग्णालयात रात्रभर जागलेली परकी परिचारिका आठवेल, कोणास भर पावसात वर्गापर्यंत पोहोचलेल्या बाई. मोठ्यांनी, जमल्यास, एक जोडाक्षरही सांगावे : ज्या पक्षाचा, ज्या पंथाचा, ज्या शेजाऱ्याचा राग येतो त्याच्याकडून घडलेली एखादी चांगली गोष्ट. ती आठवण्यास वेळ लागेल, लागू द्यावा. आणि घरात जो नीटनेटके लिहितो त्याने ते सारे तारीख घालून एका वहीत उतरून घ्यावे. वही नवी आणण्याची आवश्यकता नाही, मुलांच्या गेल्या वर्षीच्या वहीतील कोरी पाने पुरतील. पुढची एकादशी पंधरा दिवसांवर आहे.