रोलर कोणी पुसायचा?

मंडळी, आजचा विषय जरा वेगळाच आहे. फोम रोलर. ज्यांच्या घरी तो अजून पोचला नाही त्यांच्यासाठी सांगते. हात-दीड हात लांबीचा, फेसासारख्या हलक्या प्लास्टिकचा गोल लोड म्हणजे फोम रोलर. तो जमिनीवर ठेवायचा, त्यावर पोटरी नाहीतर मांडी टेकवायची आणि हळूहळू मागेपुढे सरकायचं. आखडलेले स्नायू मोकळे झाल्यासारखे वाटतात. आमच्या तिवशातही आता तो घरोघरी दिसू लागला आहे. पोलीस भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणारी पोरं वापरतात, आणि पुण्या-बंगलोरची मुलं आपल्या आईवडिलांसाठी पार्सलने पाठवतात. माझाही तसाच आला. इतकी वर्षं फळ्यासमोर उभं राहून काढल्यावर पोटऱ्या हिशेब मागणारच.

तो कसा वापरायचा हे सांगणारे पुष्कळ आहेत. तो स्वच्छ कसा ठेवायचा आणि मुख्य म्हणजे कोणी ठेवायचा, यावर मात्र कोणी बोलत नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. ज्याच्या घामाने रोलर मळतो, त्यानेच तो पुसावा. आणि हे पुसणं व्यायामानंतरचं घरकाम समजू नये, ते व्यायामातच धरावं.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नाही. आपल्याकडे तालमीची रीतच तशी आहे. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. वऱ्हाडातल्या माणसांना हे अभिमानाने सांगायला आवडतं, मलाही आवडतं. पण आखाड्याची खरी शिस्त बर्लिनला नव्हे, पहाटे फावडं हातात घेतल्यावर दिसते. लाल मातीत हळद, तेल, ताक घालून ती कालवायची, आणि कुस्तीआधी पहिलवानाने स्वतः ती खणून भुसभुशीत करायची. माती खणणं हीसुद्धा मेहनतच मानली जाते. मल्लखांबाला एरंडेल लावायचं काम खेळणाराच करतो, कारण खांब कोरडा राहिला तर कातडी त्याचीच सोलणार असते. साधन आणि शरीर यांच्यामध्ये तिसरा माणूस नसतो.

आता घरातलं चित्र बघा. साहेब रोलरवर घाम गाळतात, तो तिथेच लोळत टाकतात आणि अंघोळीला जातात. मग तो कोण उचलतं? बायको, सून, नाहीतर कामाला येणारी बाई. माझ्याकडे येणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी रोलर पाहून विचारलं होतं, "कायच्या पोया लाटता वो बाई ह्यानं?" आम्ही दोघी खूप हसलो. पण पुढे त्या जे बोलल्या ते माझ्या मनातून जात नाही. त्या आणखी एका घरी काम करतात, तिथेही असाच रोलर आहे. म्हणाल्या, "त्या घरी तं त्यायचा घाम बी मीच पुसतो वो."

ज्या जिल्ह्यात 1876 साली गाडगेबाबा जन्मले, ज्यांचं नाव आपल्या अमरावती विद्यापीठाला आहे, तिथे तरी हे वाक्य आपल्याला टोचायला हवं. बाबा गावात शिरले की आधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. खराटा दुसऱ्याच्या हातात देऊन कीर्तन केलं असतं तर त्यांचं कोणी ऐकलं असतं का? आमच्याच तालुक्यातल्या गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंतांनी श्रमाचं जे मोल शिकवलं तेही याहून वेगळं नव्हतं. मोठ्या सफाईची भाषणं आपण फार देतो. सुरुवात हातभर रोलरपासून करायला काय हरकत आहे?

तर आता मास्तरीण बाईंचा धडा. अवघड काही नाही.

आधी आपला रोलर कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर फोमची छिद्रं बंद आहेत, पाणी आत जाणार नाही. थेंब शोषला गेला तर फोम स्पंजाच्या जातीचा आहे. असा रोलर कधीही पाण्यात बुडवू नका. घट्ट पिळलेल्या फडक्यानेच पुसा, नाहीतर आत ओल राहून वास आणि बुरशी धरेल.

रोज वापर झाला की ओल्या फडक्याने पुसायचा, लगेच कोरड्या फडक्याने टिपायचा. याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. आठवड्यातून एकदा मगभर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. त्यात भिजवून पिळलेल्या सुती फडक्याने सगळीकडून पुसा. वर खाचा आणि उंचवटे असतील तर त्यात मळ बसतो. तिथे जुना मऊ टूथब्रश फिरवा. मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून साबण पूर्ण काढा, कारण साबण राहिला तर रोलर निसरडा होतो आणि कातडीला खाज सुटते. काही रोलर आतून पोकळ असतात. ते उभे करून वाळवा, म्हणजे आत पाणी थांबत नाही.

दर्यापूर-अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या नातेवाइकांसाठी एक जास्तीची सूचना. तुमच्याकडचं बोअरचं पाणी वाळलं की पांढरे डाग सोडतं. शेवटचं पुसणं पिण्याच्या पाण्याने करा, वाटीभर पुरतं.

तारेची घासणी, उकळतं पाणी, फिनाइल, ॲसिड, ब्लीच, थिनर यांतलं काहीही लावू नका. त्याने रोलर लवकर चकचकीत होईल आणि तितक्याच लवकर भुगा व्हायला लागेल.

आपल्याकडच्या ज्येष्ठांची सवय म्हणजे आधी तेल चोळायचं आणि मग रोलरवर बसायचं. कृपा करून उलटं करा. तेलकट रोलरवरून घसरायला होतं, त्यावर धूळ चिकटते आणि फोमही खराब होतो. तेल चोळायचंच असेल तर रोलर झाल्यावर, पुसून ठेवल्यावर चोळा. जुन्या धोतराची घट्ट गवसणी शिवली तर उत्तमच, आठवड्याला काढून धुता येते. पण ती सैल नको. सैल गवसणी पायाखालच्या चटईसारखी सरकते, आणि आपल्या वयात पडणं परवडत नाही.

वऱ्हाडाच्या उन्हाबद्दल तर सांगायलाच हवं. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो. उन्हात वाळवलं की जंतू मरतात या हिशेबाने आपण गाद्या, पापड, वड्या सगळं गच्चीवर टाकतो. रोलर मात्र गच्चीवर टाकू नका. उन्हाने फोम मऊ पडतो, वाकडा होतो, पुढे ठिसूळ होऊन तुकडे पडू लागतात. टिनाच्या खोलीत नाहीतर बंद गाडीतही ठेवू नका. सावलीत, पंख्याखाली वाळवा. पलंगाखाली कोंबू नका, त्यावर डबे रचू नका. एकदा खळगा पडला की तो भरून येत नाही, आणि खळग्याचा रोलर पाठीला सारखा दाब देत नाही. पावसाळ्यात भिंतीला टेकवूनही ठेवू नका, भिंतीची ओल त्यात उतरते.

घरात दोघंतिघं एकच रोलर वापरत असतील तर प्रत्येकाने वापरून झाल्यावर पुसायचा. कोणाला गजकर्ण, नायटा किंवा जखम असेल तर बरं होईपर्यंत त्या भागावर रोलर नको आणि त्या माणसाचा रोलर दुसऱ्याने वापरायला नको. हाडं ठिसूळ असतील, पायाच्या शिरा फुगल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोलर वापरूच नका.

हे सगळं ऐकून माझा भाचा म्हणाला, "मावशी, काही शे रुपयांची वस्तू. एवढं जपायचं कशाला? खराब झाली की नवी मागवायची." त्याच्या हिशेबात पैसे बरोबर आहेत, पण जुना रोलर जातो कुठे हे त्यात धरलेलं नाही. मुद्गल मोडला तर त्याचं लाकूड चुलीत जायचं आणि राख शेतात. फोम मातीत कुजत नाही. आणि कचऱ्याच्या ढिगाला काडी लावायची आपल्या गावांची सवय बघता तो बहुधा जळतोच. त्या काळ्या धुराने शेजारच्या म्हाताऱ्याचा दमा वाढतो. म्हणून रोलर दाबल्यावर परत फुगत नसेल, चिरा पडल्या असतील, भुगा निघत असेल तर तो व्यायामाला वापरू नका, पण जाळूही नका. सुरीने कापून टेबल-खुर्चीच्या पायांखाली किंवा दार आपटू नये म्हणून तुकडे लावता येतात. उरलेलं सुक्या कचऱ्यात द्या.

आणखी एक गोष्ट मला दिसली. रोज पुसला जातो तो रोलर रोज वापरलाही जातो. धूळ खात पडतो तो त्याच घरात, जिथे पुसण्याचं काम दुसऱ्याकडे असतं. हातात फडकं घेऊन बसलं की चीर कुठे पडली, कुठे मऊ झाला हे आपोआप कळतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकताना शेतकऱ्याला जुवाने सोललेली जागा कळते, तसंच आहे हे. वर्षभर ओझं वाहणाऱ्याचा खांदा मालकाने स्वतःच्या हाताने चोळायचा, गड्याला सांगून मोकळं व्हायचं नाही, अशी आपली रीत. रोलर बैल नाही हे मलाही कळतं, पण ओझं तो आपलंच वाहतो.

असो. धडा लांबला, शाळेची सवय जात नाही. गुडघ्यांमुळे ज्यांना खरंच वाकता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून, रोलर मांडीवर घेऊन पुसावा, मी तसंच करते. बाकी धडधाकट मंडळींना मात्र सुटी नाही. आणि तुमच्या घरी तो कोण पुसतं, हे मला कळवण्याआधी एकदा घरातल्या बाईमाणसांना विचारून घ्या.