वर्ध्याचा गोरसपाक, वायगावची हळद

मोठ्या कंपनीशी भावात झुंजायला गेलेला छोटा उत्पादक हमखास मार खातो. तिच्या जाहिराती, तिची सवलत आपल्याला परवडत नाही. आपली ताकद वेगळी आहे: गावाचे नाव आणि त्या नावाची चव. वर्ध्याच्या गोरस भांडारचे गोरसपाक हे बिस्किटच घ्या. पुडा उघडताच येणारा गाईच्या तुपाचा वास, तोंडात विरघळणारा खुसखुशीतपणा! वर्ध्याहून निघालेला पाहुणा सहसा पुडा घेतल्याशिवाय गाडीत बसत नाही.

असेच नाव वर्धा जिल्ह्यातल्याच एका हळदीलाही आहे. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण तीच हळद बिननावाच्या पोत्यातून गेली, तर मानांकनाचा पैसा व्यापाऱ्याच्या खिशात जातो. दळण, पॅकिंग, विक्री शेतकरी गटांनी स्वतःच्या हाती घ्यायला हवी. आणि वाचकहो, पुढच्या वेळी हळद घेताना पुडीवर गावाचे नाव शोधा.