युक्का थंडीने मरत नाही



गेल्या एप्रिलमध्ये एका रात्री ताईचा व्हिडिओ कॉल आला. ताई कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला राहते आणि मी इथे कोलकात्यात. तिच्याकडचा बर्फ नुकताच वितळला होता. तिने फोन फिरवून अंगणातला एक कोपरा दाखवला आणि म्हणाली, "बघ, गेलं ते."

त्या कोपऱ्यात भावोजींनी लावलेला युक्का होता. तलवारीसारखी टोकदार पानं आणि जुलै आला की मधून वर येणारा माणसाच्या उंचीचा दांडा. त्या दांड्यावर घंटेसारखी पांढरी फुलं लोंबायची. भावोजींना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. हिवाळ्याआधी ताईने पहिल्यांदाच त्या झाडाला जुनं ब्लँकेट आणि वरून प्लास्टिक गुंडाळलं होतं. एवढ्या थंडीत बिचारं गारठेल म्हणून! एप्रिलमध्ये गुंडाळी सोडली, तर गाभा काळा पडलेला आणि हाताला बुळबुळीत लागणारा. मधलं पान जरा ओढलं, तर ते मुळापासून सुटून हातात आलं.

"मला काही ते सांभाळता आलं नाही गं," ताई म्हणाली.

"ताई, तू ते जरा जास्तच सांभाळलंस," मी म्हटलं. "आता एक कर. कुजलेलं सगळं कापून टाक, पण तो कोपरा उकरू नकोस. सप्टेंबरपर्यंत थांब."

मी हे एवढ्या खात्रीने कशी बोलले, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण, हीच चूक मी कोलकात्यात केली होती. आणि इथे तर बर्फ पडत नाही!

माझी कुंडी, माझी चूक

आमच्या गच्चीवर एक युक्का होता. वर्षभर छान वाढला. जून उजाडला, पाऊस सुरू झाला. कोलकात्यात वर्षाला साधारण १,८०० मिलीमीटर पाऊस पडतो, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. कुंडी उघड्यावर होती, खाली प्लास्टिकची ताटली होती आणि कुंडीत गंगेची चिकण, गाळाची माती होती. ताटली सदा भरलेली. भरीस भर म्हणून, पाऊस नसेल त्या दिवशी मी सवयीने तांब्याभर पाणी घालायचे. दुर्गापूजेपर्यंत झाड मान टाकून बसलं. खोड दाबून पाहिलं, तर भिजलेल्या स्पंजसारखं लागलं.

म्हणजे पाहा, एक झाड उणे अंशांच्या थंडीत गेलं आणि दुसरं दमट उकाड्यात. दोघांचा आजार मात्र एकच होता. मुळाशी आणि गाभ्याशी साचलेलं पाणी.

आजच्या गप्पांमधली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. कणखर जातीचा युक्का थंडीने सहसा मरत नाही, तो ओल्या पायांनी मरतो.

असं का होतं?

मुळांनाही हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत पाणी भरून राहिलं की हवा संपते, मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला मोकळं रान मिळतं. थंड देशात त्यात आणखी एक भर पडते. पाणी गोठताना फुगतं, त्यामुळे पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी गोठलं की तो कोवळा गाभा आतून फाटतो. प्लास्टिक गुंडाळलं की आतली वाफ बाहेर जात नाही. उन्हाच्या दिवशी आत घाम सुटतो आणि रात्री तोच गोठतो. ताईच्या झाडाचं नेमकं हेच झालं.

कोरडी थंडी मात्र हे झाड आरामात सोसतं. हिवाळा जवळ आला की ते पेशींमधलं पाणी कमी करतं आणि साखर वाढवतं. साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला गोठतं, हे आपल्याला सरबताच्या बर्फगोळ्यावरूनही माहीत आहे. म्हणून हिवाळ्यात युक्काची पानं जरा मलूल, लोळलेली दिसतात. ते मरण नव्हे, झोप आहे.

कुठला युक्का निवडायचा?

युक्का मूळचा अमेरिका खंडातला. त्याच्या चाळीसहून अधिक जाती आहेत आणि सगळ्या सारख्या कणखर नाहीत.

थंड प्रदेशातल्या बागेसाठी सर्वात भरवशाचा म्हणजे युक्का फिलामेंटोसा. त्याच्या पानांच्या कडेला पांढरे दोरे सुटलेले असतात, त्यावरून तो ओळखता येतो. उणे २५ अंशांच्या आसपासची थंडी तो सोसतो. 'कलर गार्ड' आणि 'ब्राइट एज' हे पिवळ्या पट्ट्यांचे प्रकार परदेशी नर्सरीत सहज मिळतात. त्याहून काटक युक्का ग्लॉका. तो तर कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात, दक्षिण टोकाच्या कोरड्या उतारांवर रानातच वाढतो.

आपल्याकडे मैदानी भागातल्या बागांमध्ये दिसतात ते बहुतेक युक्का अ‍ॅलोइफोलिया आणि युक्का ग्लोरिओसा. कुंडीत विकायला असतो तो जाड खोडाचा, बिनकाट्याचा मोठा युक्का. तो मध्य अमेरिकेतला, त्याला कडक थंडी मानवत नाही. तेव्हा परदेशातल्या लेकीला किंवा भाच्याला सल्ला देताना आधी जात विचारा.

एक गंमत सांगते. युक्का या नावाचा आपल्या साबुदाण्याशी संबंध आहे! साबुदाणा ज्या कंदापासून करतात त्या कसाव्याला स्पॅनिशमध्ये 'युका' म्हणतात. १६व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जॉन जेरार्ड नावाच्या वनस्पतींच्या जाणकाराने हे झाड लावलं आणि कसाव्याचंच समजून त्याला ते नाव दिलं. चूक लक्षात आली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. जेरार्डच्या झाडाला काही फूल आलं नाही. इंग्लंडमध्ये युक्का पहिल्यांदा फुलला तो १६०४ साली, एसेक्समधल्या विल्यम कॉइस यांच्या बागेत. तेव्हा तुमचा युक्का दोन वर्षांत फुलला नाही, तर नाराज होऊ नका.

थंड देशात लावताना

जागा: दिवसातून किमान सहा तास थेट ऊन. घराची दक्षिणेकडची बाजू उत्तम. सावलीत झाड जगेल, पण फुलणार नाही.

माती: चिकण माती असेल तर खड्डा करून लावू नका, त्या खड्ड्याची विहीर होते. उलट जमिनीवर वीतभर उंचीचा उंचवटा करा, त्यात निम्मी जाड वाळू आणि खडी मिसळा आणि त्यावर झाड लावा.

वेळ: वसंतात, बर्फाचा धोका टळल्यावर लावा, म्हणजे हिवाळ्याआधी मुळं पसरायला पुरता वेळ मिळतो.

खत: वसंतात थोडंसं. उन्हाळा ओसरल्यावर अजिबात नको. उशिरा फुटलेली कोवळी पानं थंडीत आधी जातात.

हिवाळा: पानं वर गोळा करून सुतळीने सैल बांधा, अंबाड्यासारखी. त्यामुळे गाभ्यात बर्फ साचत नाही. बुंध्याभोवती पालापाचोळा न घालता खडीचा थर द्या. प्लास्टिक नको. वसंतात सुतळी सोडायला विसरू नका.

कोलकात्यात, मुंबईत, कोकणात

आपला हिवाळा म्हणजे त्याचा मजेचा काळ. आपली परीक्षा असते ती पावसाळ्यात.

बुडाला मोठं भोक असलेली मातीची कुंडी घ्या. एक भाग बागेची माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग विटांचे बारीक तुकडे असं मिश्रण करा. इथले जुने माळी मातीत सुरकी, म्हणजे विटांचा चुरा, घालतात. तोही चालतो, फक्त अगदी पिठासारखा नको. कुंडी दोन विटांवर ठेवा आणि ताटली काढून टाका. जून ते सप्टेंबर कुंडी पागोळ्या पडणार नाहीत अशा बेताने छज्जाखाली सरकवा आणि बोट खुपसून दोन इंच खोलवर माती कोरडी लागल्याशिवाय पाणी घालू नका.

बैशाखात कालबैशाखीचं वादळ आलं की उंच झाडाची कुंडी आडवी होते, म्हणून ती कठड्यावर कधीच ठेवू नका. आणि एक महत्त्वाचं. पानाचं टोक सुईसारखं असतं. घरात लहान मुलं असतील तर टोकं कात्रीने नखाएवढी कापा, झाडाला काही होत नाही. पानं चघळली तर कुत्र्या-मांजरांना त्रास होतो, हेही लक्षात असू द्या.

दार्जिलिंगकडच्या वाचकांना वाटेल, आमची थंडी त्याला मानवेल. थंडी जरूर मानवेल, पण तुमचा पाऊस आमच्यापेक्षाही जास्त. तेव्हा उतारावर किंवा छपराखालीच लावा.

कोलकात्यात राहणाऱ्यांनी झाडं पाहायला आणि माळ्यांशी बोलायला अलिपूरच्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत जरूर जावं. ही संस्था १८२० साली विल्यम केरी यांनी स्थापन केली. हेच ते केरी, ज्यांनी १८०५ मध्ये जवळच्या श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मराठीचा कोश. मला तरी तिथे गेल्यावर परकं वाटत नाही.

फुलायचं कधी?

रोप लावल्यापासून साधारण तीन ते पाच वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. भरपूर ऊन, कमी पाणी, कमी खत आणि आपला संयम, एवढंच लागतं. फुलं संध्याकाळी नीट उमलतात आणि रात्री मंद वास येतो.

गावाकडे बांधावर घायपात असते, ती एकदा फुलली की मरते. युक्का तसा नाही. ज्या झुबक्याला फूल येतं त्याची वाढ थांबते, पण बाजूने पिल्लं फुटतात आणि पुढच्या वर्षांत ती फुलतात. फुलं सुकली की दांडा बुडाशी कापा. पिल्लं वेगळी करायची तर वसंतात, मुळांसकट.

आपल्याकडे युक्काला बहुधा शेंगा धरत नाहीत. त्याचा दोष तुमच्याकडे नाही. त्याचं परागीकरण करणारा खास पतंग अमेरिकेत असतो. चार्ल्स रायली यांनी १८७० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. मादी पतंग एका फुलातले पराग गोळा करते, दुसऱ्या फुलात अंडी घालते आणि स्वतःच ते पराग तिथे नेऊन भरते. अळ्या थोड्या बिया खातात, बाकीच्या झाडाला राहतात. दोघांचंही एकमेकांवाचून अडतं.

आणि ताईचा कोपरा?

युक्काचा जीव पानांत कमी आणि मुळांत जास्त असतो. जमिनीखाली बोटाएवढं जाड मूळ शाबूत राहिलं, तरी त्यातून कोंब फुटू शकतो. ज्यांना युक्का नको असतो ते लोक वैतागतात ते यामुळेच. खणून काढला तरी तो पुन्हा उगवतो.

ताईने कुजलेला गाभा कापला. तिथे खडी पसरली, पाणी बंद केलं. मे गेला, जून गेला. मुलगा म्हणाला, "आई, तिथे गुलाब लावू या." ताईने त्याला थांबवलं. मला मात्र रात्री झोप लागेना. मीच थांबायला सांगितलं होतं आणि तिथून काहीच उगवलं नाही तर?

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात फोटो आला. खडीतून दोन हिरवी टोकं वर आली होती, बोटभर उंच. खाली ताईने लिहिलं होतं, "एक नाही, दोन आहेत."

फूल यायला अजून तीन-चार वर्षं लागतील, हे मी तिला सांगितलं आहे. या हिवाळ्यात ती सुतळीही बांधणार नाही, कारण इतक्या लहान पानांना तिची गरज नाही. फक्त खडी, ऊन आणि मोकळी हवा.

मंडळी, आज हा लेख वाचून झाला की एक काम करा. आपल्या कुंड्यांखालच्या ताटल्या पाहून या. ज्यात पाणी साचलं असेल ती ओतून द्या. आणि एखादं झाड वरून मेलेलं वाटत असेल, तर फेकण्याआधी मूळ तपासा. ते घट्ट आणि आतून पांढरट असेल, तर अजून थोडं थांबा.

भेटू पुढच्या महिन्यात!