मोफत ट्रेडिंग शिबिराला जावे का?

सोयाबीनची पट्टी हाती पडली की शेअर ट्रेडिंगचे ‘मोफत शिबिर’ खुणावते. डिमॅट, मार्जिन, स्टॉप लॉस हे शब्द समजून घ्यायला जरूर जा. पण त्याच दिवशी पैसे भरू नका. पहिला वर्ग फुकट, पुढचा कोर्स महागाचा, असा हा मामला असतो.

सेबीच्या सप्टेंबर 2024 च्या अहवालानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत शेअर बाजाराच्या वायदे-ऑप्शन व्यवहारांत 100 पैकी 93 जणांना तोटा झाला, सरासरी सुमारे 2 लाखांचा. बियाण्याची पिशवी आपण लेबल, लॉट नंबर पाहून घेतो ना? तसा ‘हा शेअर घ्या’ म्हणणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. टाळाटाळ केली तर सरळ उठा. पीककर्जाचा पैसा मात्र यात घालूच नका.