किती दिवस, आणि कसे दिवस?

वांद्र्यात रेक्लमेशनवर लीलावतीसारखे अद्ययावत रुग्णालय आहे आणि माऊंट मेरीच्या परिसरात शांती आवेदना सदन आहे. पहिल्या ठिकाणी शस्त्रक्रिया होतात. दुसऱ्या ठिकाणी बरे होण्यापलीकडे गेलेल्या कर्करुग्णांची शुश्रूषा होते. कर्करोग हाडांत पसरल्याचे कळते तेव्हा कुटुंबाचे मन या दोन वाटांमध्ये अडकते. पहिला प्रश्न ठरलेला असतो : शस्त्रक्रियेने आयुष्य किती वाढेल?

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांचे कर्करोग विशेषेकरून हाडांत उतरतात. पोखरलेले हाड किरकोळ झटक्यानेही मोडते आणि केवळ प्लास्टरने सहसा जुळत नाही. म्हणून हाडात धातूचा रॉड घालतात किंवा कृत्रिम सांधा बसवतात. मूत्रपिंड वा थायरॉइडच्या कर्करोगाची एकच गाठ हाडात असल्यास ती समूळ काढून काही निवडक रुग्ण दीर्घकाळ जगतात. एरवी या शस्त्रक्रियेचा हेतू रोग बरा करणे हा नसतो. वेदना शमावी आणि रुग्णाने स्वतःच्या पायांनी चालावे, एवढाच असतो.

हा लाभ लहान नाही. कर्करोगाच्या गाठीचा मज्जारज्जूवर दाब आलेल्या १०१ रुग्णांचा अमेरिकेतील अभ्यास २००५ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया व किरणोपचार दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण उपचारानंतर चालू शकले. केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. चालण्याची शक्ती टिकण्याचा मध्यकाल अनुक्रमे १२२ व १३ दिवस होता, आयुष्याचा १२६ व १०० दिवस. म्हणजे आयुष्यात फरक २६ दिवसांचा, पण पायांवर उभे राहण्यात १०९ दिवसांचा. जमाखर्च मांडायचाच, तर या दुसऱ्या रकमेकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

यात वेळेला फार महत्त्व आहे. हाताच्या वा पायाच्या लांब हाडांसाठी मिरेल्स यांनी १९८९ साली गुणपद्धती सुचवली. गाठीची जागा, वेदना, स्वरूप आणि आकार पाहून १२ पैकी ९ वा अधिक गुण झाले, तर हाड मोडण्यापूर्वीच त्याला आधार द्यावा, असे ती सांगते. कर्करुग्णाच्या पायांतील बळ एकाएकी कमी झाले किंवा लघवीवरील ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उद्यावर टाकलेले चालणे बहुधा परत येत नाही.

मात्र रुग्ण अतिशय क्षीण झाला असेल आणि हाती थोडेच आठवडे उरले असतील, तर शस्त्रक्रियेचा शीण त्याच्यावर लादू नये. किरणोपचाराच्या एकाच बैठकीनेही अनेकांची हाडांची वेदना उतरते. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली शांती आवेदना सदन स्थापन केले, ते अशाच रुग्णांसाठी. तेथील सेवा विनामूल्य आहे. तेथे नेणे म्हणजे रुग्णाला सोडून देणे नव्हे.

अनेक घरांत निदान वडीलधाऱ्यांपासून लपवले जाते आणि निर्णय मुले घेतात. हेतू मायेचा असतो; परंतु आयुष्यभर पेढीचे व्यवहार सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या अखेरच्या व्यवहारातून वगळणे न्याय्य नाही. डॉक्टरांना विचारावे : ऑपरेशनने वेदना किती कमी होईल, चालणे किती टिकेल, सावरायला किती दिवस जातील? आणि मिळालेले उत्तर आधी रुग्णाला सांगून त्याची इच्छा विचारावी.