माजू द्या थोडं रान

शहरातल्या बागेचा एखादा कोपरा न कापता ठेवू, देशी गवत आणि झुडपं आपापली वाढू देऊ, पडलेलं पान जागीच कुजू देऊ, असं कुणी सुचवलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रान माजलंय, साफ करा. पाठोपाठ बाकीचे आक्षेप येतात. डास होतील, साप निघतील, संध्याकाळी बायकामुलींनी फिरायचं कसं, आणि कर भरायचा तो काय हा पालापाचोळा बघायला? असं म्हणणारी माणसं निसर्गाची वैरी नाहीत. रोज पहाटे त्याच बागेत चालायला येणारी ती माणसं आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर मिळायला हवं.

डासांचा आक्षेप सर्वांत कच्चा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गवतात अंडी घालत नाही. त्याला साचलेलं पाणी लागतं: कुंडीखालची ताटली, बंद पडलेलं कारंजं, झाकण नसलेली टाकी. पूर्ण वाढलेला डास झुडपाच्या सावलीत विसावतो, हे खरं. पण पैदास थांबवायची तर कोयता चालवून उपयोग नाही, पाणी ओतून टाकावं लागतं. सापाचंही तसंच. तो उंदरामागे येतो आणि उंदीर उघड्या कचराकुंडीमागे. कुंडी तशीच ठेवून गवत तेवढं कापलं, तर साप भिंतीच्या फटीत जाऊन बसतो.

सुरक्षिततेचा आक्षेप मात्र खरा आहे आणि निसर्गप्रेमी मंडळी तो फार सहज उडवून लावतात. आडोसा असलेल्या वाटेवर एकटीला भीती वाटणारच. त्यासाठी वाटेच्या दोन्ही कडांचा पट्टा कापून बुटका ठेवावा, दिवे वाटेवर असावेत, रान आतल्या बाजूला वाढावं. अमेरिकेतल्या भूरचनातज्ज्ञ जोआन नॅसॉअर यांनी 1995 साली हेच मांडलं होतं. अस्ताव्यस्त वाढीला नीटनेटकी चौकट दिली, की इथे कुणाचं तरी लक्ष आहे हे लोकांना दिसतं आणि त्यांचा विरोध मावळतो. आपल्याकडे कोपरा 'जैवविविधता' म्हणून सोडून देतात. कडा नाही, पाटी नाही, माळी फिरकत नाही. मग लोकांनी त्याला दुर्लक्ष म्हटलं, तर त्यांचं काय चुकलं?

आता सौंदर्याचा प्रश्न. बागेतल्या जुन्या झाडाच्या फांदीवर बांडगूळ दिसलं की ते छाटायची घाई होते. आंब्याच्या बागायतदाराने ते काढावंच, झाडाचं पोषण ते ओढून घेतं. पण सार्वजनिक बागेत दोन-चार फांद्या सोडून बघा. त्याची फळं खायला इवलासा फुलटोच्या येतो. चिकट बी त्याच्या पोटातून बाहेर पडतं आणि दुसऱ्या फांदीवर रुजतं. बांडगुळाच्याच पानांवर हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू अंडी घालतं. त्याच्या अळ्या घोळक्याने पानं खातात आणि मागच्या पंखावर पिवळ्यात लाल ठिपके मिरवणारी फुलपाखरं बाहेर पडतात. ती बघायला मुलांना नेतो, आणि ज्यावर ती वाढतात ते आधीच तोडून टाकलेलं असतं. हिरवळीच्या गालिच्यावर यातलं काहीच होत नाही. तो गालिचा मात्र भर उन्हाळ्यात पाणी मागत राहतो.

शहरात रान होत नाही, असंही ऐकवलं जातं. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी मुंबईचा कचरा टाकायची जागा होती. त्या कचऱ्यावर माती टाकून सुमारे 37 एकरांत झाडं वाढवली गेली. 1994 मध्ये खुलं झालेलं महाराष्ट्र निसर्ग उद्यान ते हेच. आज तिथे दाट सावली आहे, पक्षी आहेत, फुलपाखरं आहेत, शाळांच्या सहली येतात. ते आपसूक झालेलं नाही, जाणकारांनी वर्षानुवर्षं राखलेलं आहे.

रान म्हणजे जिकडे तिकडे दाट झाडी, हा गैरसमज झाडं लावणाऱ्यांतही आहे. पुण्याच्या टेकड्यांवर परदेशी गिरिपुष्पाची लागवड झाली. मुळात त्या उतारांवर गवत आणि विरळ झाडं शोभतात, तिथले पक्षी आणि किडे त्या मोकळ्या गवताचेच. तिथे दाटीवाटीने रोपं खोचणं म्हणजेही एका तऱ्हेने साफसफाईच.

मागणी फार मोठी नाही. उद्यानाच्या देखभालीच्या कंत्राटात एक कलम घाला: राखीव पट्ट्यातलं गवत दिवाळीआधी कापायचं नाही. तोवर त्याचं बी पिकतं आणि मुनिया ते टिपून जातात. दिवाळीनंतर निम्मं कापा, निम्मं पुढच्या वर्षी. उन्हाळ्यात वाळल्या गवताला आग लागते, म्हणून भोवती जाळरेषा काढा. गोळा केलेली पानं पेटवू नका, झाडांच्या बुंध्याशी पसरा. माळ्यांना देशी रोप आणि घाणेरीतला फरक शिकवा आणि त्या शिकण्याचे पैसे त्यांना वेगळे द्या. पट्ट्यापाशी मराठीत एक पाटी लावा, त्यावर इथे काय उगवलंय आणि ते का ठेवलंय हे लिहा. पहाटे फिरायला येणारे ती वाचतील आणि पुढच्या खेपेस तक्रारीऐवजी प्रश्न विचारतील.