कॅफेला कुलूप नको, पडदा काढा

'गावातले कॅफे बंद करा' असा मेसेज सध्या मुदखेडच्या ग्रुपांवर फिरायलाय. खाली अंगठ्यांची रांग. राग कशाचा आहे ते मला कळतं. प्लायवूडचे कप्पे, पुढं पडदा, आत लाल-निळा बल्ब आणि तासाच्या हिशोबानं पैसे. कॉफी नावापुरती. अशा ठिकाणांवर पोलिसांनी छापे टाकल्याच्या बातम्या मराठवाड्यात नव्या राहिल्या नाहीत. सांगलीत २०२४ मध्ये एका मुलीवरच्या अत्याचारानंतर जमावानं कॅफे फोडले होते. त्या कप्प्यांची बाजू मी घेणार नाही. पण बंद करा म्हणणाऱ्यांना एकच विचारायचंय. मग पोरांनी, आणि त्याहून जास्त पोरींनी, या गावात बसायचं कुठं?

टपरीवर आपण गडीमाणसं उभ्या-उभ्या चहा मारतो. पाराचा कट्टा आपलाच, कटिंगचं दुकान आपलंच. कॉलेज सुटल्यावर दोन मैत्रिणींना अर्धा तास बोलायचं असेल तर मुदखेडमध्ये एक जागा सांगा. मला तर सुचली नाही. पडद्यामागचा धंदा चालतो तो याच्यामुळं. उघड्यावर बसायची सोय नाही आणि बसलं की गावभर चर्चा.

गंमत म्हणजे हा पडदा मुळात बायकांसाठीच आला होता. जुन्या हॉटेलांत 'फॅमिली रूम' असायची, आठवत असेल. बाजाराला आलेली बाई नवऱ्यासोबत पडद्याआड बसून भजे खायची. पडद्यामुळं निदान ती हॉटेलात शिरली तरी. आता तोच पडदा तिच्या जिवावर उठलाय.

काही शहरांचं कॉफीसाठी नाव झालंय, ते कसं झालं बघा. पुण्यात काय कॉफीचे मळे आहेत? नाहीत. पण दक्षिणेकडून आलेल्या हॉटेलवाल्यांनी फिल्टर कॉफी आणली, शेजारी कॉलेजं होती, आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली-रूपालीत पोरंपोरी बसायला लागले. सगळ्या हॉलसमोर, उजेडात. तिथं एकटी मुलगी कॉफी घेऊन बसली तर कुणी मान वळवून बघत नाही. मुंबईत माटुंग्याचं तसंच. दाक्षिणात्य कुटुंबं राहायला आली आणि त्यांच्यामागं त्यांची कॉफी आली.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं नाव तर जगभर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतून लोक तिकडं गेले. पेलेग्रिनीज नावाचा त्यांचा कॉफी बार १९५४ मध्ये सुरू झाला, तो अजून प्रसिद्ध आहे. त्या काळी तिथले दारूचे बार संध्याकाळी सहाला बंद व्हायचे, १९६६ पर्यंत तो कायदा होता. सहानंतर माणसांनी जायचं कुठं, याला कॉफी हे एक उत्तर मिळालं. पुढं स्टारबक्स मोठ्या थाटात ऑस्ट्रेलियात गेली आणि २००८ मध्ये तिला तिथली ६१ दुकानं बंद करावी लागली. लोकांच्या बसायच्या जागा आधीच ठरलेल्या होत्या ना.

आपल्याला जवळचं म्हणाल तर हैदराबाद. १९५६ पर्यंत आपण त्याच राज्यातले. इराणी चहा आणि उस्मानिया बिस्कीट ही चव नांदेडवाल्याला शिकवावी लागत नाही. पण इराणी हॉटेलांतही गर्दी मुख्यतः गड्यांचीच, म्हणून नुसती त्याची नक्कल करून आपलं भागणार नाही.

आणि आपल्याकडं कॉफी हवी कुणाला, असंही म्हणू नका. घरात कॉफी होतीच की. पाहुण्याला चहा चालत नसला की कॉफी. वरून किसलेलं जायफळ. नुसत्या दुधाची, पाण्याचा थेंब नाही. तशी कॉफी आजही कुठल्या कॅफेत मिळत नाही.

आता गिऱ्हाईक कोण, ते बघा. आपलं गाव जंक्शन आहे. मनमाड, सिकंदराबाद आणि आदिलाबाद, तिन्हीकडच्या गाड्या इथून जातात. गाडी बदलायला थांबलेली माणसं आहेत. पहाटे फुलं घेऊन येणारे शेतकरी आहेत, गुलाब, काकडा, गलांडा. सीआरपीएफच्या प्रशिक्षण केंद्रात पोराला भेटायला आलेले आई-बाप आहेत. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी आहेत. नांदेड वीस-पंचवीस किलोमीटरवर असल्यानं आपण सगळं तिकडंच जाऊन करतो, हा भाग वेगळा.

माझं म्हणणं सरळ आहे. नगरपरिषदेनं दोन कामं करावीत. एक, परवान्याची अट: कप्पा नाही, पडदा नाही, रस्त्याच्या बाजूनं पूर्ण काच, भरपूर उजेड आणि बायकांसाठी स्वच्छ संडास. ही अट जो पाळणार नाही त्याचं दुकान खुशाल बंद करा, मी टाळ्या वाजवीन. दोन, स्टेशनच्या रस्त्याला एक गाळा महिला बचत गटाला कमी भाड्यानं द्या. हे काही आभाळातलं बोलत नाही मी. कॉफी बोर्डानं पन्नासच्या दशकात आपली कॉफी हाऊसं बंद केली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. बंगळूरला १९५७ मध्ये, त्रिशूरला १९५८ मध्ये. आज 'इंडियन कॉफी हाऊस' म्हणून ज्यांचं नाव आहे ती हीच, नोकरी गेलेल्या वेटरांची हॉटेलं. त्यांना जमलं, मग रोज चाळीस-पन्नास माणसांचा स्वयंपाक उरकणाऱ्या आपल्या बायांना का जमू नये?

पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, असा अर्ज मी लिहायलोय. सही करायला कोण कोण येतंय ते खाली लिहा. नुसता अंगठा नको. आणि घरातल्या पोरींना आधी विचारून या, त्यांना नेमकं काय पाहिजे ते. अर्जात तेच घालू.